परधर्मीयाचा शोक आणि आपले सांत्वन

कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे समाचारास जावे, ही गोष्ट आपल्याकडे केवळ शिष्टाचाराची मानलेली नाही. ती धर्माची मानलेली आहे. निमंत्रणावाचून जावयाचे असे हे एकच कार्य. लग्नामुंजीचे बोलावणे चुकले तर माणसे रुसून घरी बसतात. परंतु मृत्यूच्या घरी जाण्यासाठी जो बोलावण्याची वाट पाहील त्याला लोक निर्दय म्हणतील. तेथे गेल्यावर काय बोलावे हेही परंपरेने पुष्कळसे ठरवून दिलेले आहे. गेलेल्याचे पुण्य, आत्म्याचे अमरत्व, प्रारब्धाचे भोग, ईश्वराची इच्छा, एवढ्याच चार गोष्टी फिरून फिरून बोलल्या जातात. बोलणारा आणि ऐकणारा हे दोघेही एकाच पुराणाचे श्रोते असल्यामुळे शब्द तोकडे पडले तरी अर्थ पोहोचतो. अडचण उभी राहते ती ऐकणारा दुसऱ्या ग्रंथाचा श्रोता असेल तेव्हा.

ही अडचण पूर्वी शेजारापुरती होती. आज ती व्यवसायातही आली आहे. शोक असह्य झाला म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्याचा प्रघात आपल्या शहरांतून हळूहळू रुळत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेमुळे १४४१६ या क्रमांकावर घरबसल्याही असे साहाय्य मागता येते. साहाय्य मागणारी स्त्री मुसलमान आणि ऐकून घेणारी व्यक्ती हिंदू, असा योग आपल्या देशात वारंवार यावयाचाच. समजा, पुत्र गमावलेली एक माता समोर बसली आहे. समुपदेशकाने स्वतःच्या श्रद्धेतील दिलासा तिला दिला तर ते अतिक्रमण होते. तिच्या श्रद्धेतील दिलासा, स्वतः तो मानीत नसताना दिला तर ते ढोंग होते. आणि धर्माचा विषयच टाळला तर ज्या आधारावर ती माता कशीबशी उभी आहे त्याचीच उपेक्षा होते. अतिक्रमण, ढोंग आणि उपेक्षा या तिन्हींपासून दूर राहून परधर्मीयाचे सांत्वन करता येते काय, असा हा प्रश्न आहे. तो मानसशास्त्राचा आहे त्याहून अधिक नीतीचा आहे, आणि म्हणूनच ज्याला त्या शास्त्राची पदवी नाही अशानेही त्याचा विचार करावयास हरकत नसावी.

माझा व्यवसाय वकिलीचा. वकिलाच्या कचेरीत शोक पहिल्या आठवड्यात येत नाही. तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बँकेतील ठेव, विम्याची रक्कम यांसाठी माणसे येतात, तोवर समाचाराला येणाऱ्यांची रीघ आटलेली असते. अर्ज भरताना हिंदू काय, मुसलमान काय, ख्रिस्ती काय, प्रत्येकाचा हात ‘मृताशी नाते’ या रकान्यापाशी क्षणभर थांबतो. दुःख सर्वांचे सारखेच, या म्हणण्यात एवढे तथ्य निश्चित आहे. परंतु यावरून सांत्वनही सर्वांचे सारखेच असावे असे अनुमान जो काढील त्याची चूक होईल. भूक सर्वांना लागते म्हणून कोणाच्याही पानात काहीही वाढता येत नाही.

प्रथम अतिक्रमणाचा विचार करू. ते बहुधा सद्भावनेतून घडते, आणि त्यामुळेच करणाऱ्याला ते ओळखू येत नाही. ‘पोर पुन्हा तुमच्याच पोटी येईल’ या वाक्याने आपल्याकडील मातेला उभारी येते. जीर्ण वस्त्रांचा गीतेतील दृष्टान्त कोणीही, कोठेही, कोणासही सांगावा इतका आपल्या अंगवळणी पडलेला आहे. आता हेच वाक्य मुसलमान मातेच्या कानांनी ऐकून पाहावे. तिच्या श्रद्धेप्रमाणे जन्म एकच. मृत्यूनंतर जीव बर्झख नावाच्या मधल्या अवस्थेत कयामतीच्या दिवसाची वाट पाहतो. अजाण वयात गेलेले लेकरू ईश्वराच्या आश्रयास असते आणि त्या दिवशी ते आपल्या आईबापांसाठी रदबदली करील, ही तिची आशा. ते मूल पुन्हा जन्माला आले असे तिला सांगणे म्हणजे ते दुसऱ्या कोणाचे तरी झाले, आता भेटीचा दिवस उरला नाही, असे सांगण्यासारखे आहे. आपण दिलासा दिला असे आपल्याला वाटते, आणि तिच्या पदरात होते नव्हते तेवढेही आपण काढून घेतलेले असते.

असेच दुसरे एक वाक्य आहे. ‘देह म्हणजे माती, जाळला काय नि पुरला काय!’ विरक्ताच्या तोंडी हे शोभते. शोकग्रस्ताच्या कानी ते काय करते हे २०२० च्या साथीने आपल्याला दाखविले आहे. मृतदेहाला विधिपूर्वक स्नान घालावे, शिवणीवाचून असलेल्या साध्या पांढऱ्या कफनात गुंडाळावे, जनाज्याची नमाज अदा करून त्याला भूमीच्या स्वाधीन करावे, ही मुसलमानांची अंत्यविधीची रीत. जनाज्याची नमाज हे साऱ्या समाजावरील ऋण समजले जाते. काहींनी ते फेडले म्हणजे सर्वांचे फिटते, कोणीच फेडले नाही तर दोष सर्वांना लागतो. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबई महापालिकेने कोविडने मृत झालेल्या सर्वांचा, धर्म कोणताही असो, दाहच करावा असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदललेही. पुढे वांद्र्याच्या दफनभूमींत अशा मृतांचे दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे अमान्य केले. मृतदेहापासून संसर्ग पसरतो असे दाखविणारा शास्त्रीय आधार न्यायालयापुढे आलेला नव्हता. सन्मानाने अंत्यसंस्कार होण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच अंश आहे, असे न्यायालयाने त्या वेळी मानले. शेजारच्या श्रीलंकेत मात्र एप्रिल २०२० पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत सक्तीच्या दाहाचा नियम चालला, आणि २०२४ च्या जुलैमध्ये तेथील सरकारला त्याबद्दल क्षमा मागावी लागली. ज्यांचे आप्त त्या महिन्यांत गेले त्यांच्या दुःखात मृत्यू हा एक भाग आहे, आणि आपण आपले शेवटचे कर्तव्य करू शकलो नाही ही टोचणी दुसरा भाग आहे. अस्थिविसर्जन राहून गेले म्हणून वर्षानुवर्षे झुरणारी माणसे आपल्यातही आहेत. त्यांना कोणी ‘राख ती राख’ असे म्हटले तर आपल्याला जे वाटेल तेच येथेही वाटते.

आता ढोंगाचा विचार. समुपदेशक म्हणेल, ‘ठीक आहे, मी माझी श्रद्धा बाजूस ठेवतो आणि तुमच्या श्रद्धेची भाषा बोलतो. तुमचा मुलगा जन्नतमध्ये आहे, आपण शोक का करता?’ यात मला दोन दोष दिसतात. पहिला सत्याचा. आपण जे मानीत नाही ते मानतो असे भासवून बोलणे हे दयेपोटी झाले तरी असत्यच. आणि शोकात मनुष्याचे कान इतके तीक्ष्ण झालेले असतात की उसन्या शब्दाचा पोकळ आवाज त्याला तत्काळ कळतो. दुसरा दोष अधिकाराचा. वकील अशिलाच्या वतीने बोलतो, पण वकीलपत्राने दिलेल्या अधिकारापुरतेच. परलोकात कोणाचे काय झाले याविषयी निकाल सांगण्याचे वकीलपत्र समुपदेशकाला कोणी दिलेले नाही. तो निकाल देण्यास धर्मज्ञ मुसलमानही कचरतो. कारण अंतिम निवाडा ईश्वराचा, असे त्याची श्रद्धाच त्याला सांगते.

अतिक्रमण नको आणि ढोंगही नको, तर मग धर्माचे नावच काढू नये, असे पुष्कळ सुशिक्षितांना वाटते. मानसोपचाराची घडण ज्या देशांत झाली तेथे हा मार्ग दीर्घकाळ प्रतिष्ठित होता. फ्रॉइडच्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधापासून असा विचार रूढ झाला की, गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे कार्य. जो सोडवून घेतो तो बरा झाला, ज्याचे मन गुंतलेलेच राहते तो आजारी. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तिघांनी संपादिलेल्या ग्रंथाने या मताला मोठा छेद दिला. मृताशी असलेले नाते मृत्यूनंतर संपत नाही, ते रूप बदलून टिकते, आणि ते टिकणे पुष्कळदा प्रकृतीचेच लक्षण असते, असे त्यांनी मांडले. दर भाद्रपदात पितरांना पान वाढणाऱ्या आपल्या समाजाला हे नव्याने सांगावयास नको होते. मुसलमान घरांतूनही मृतासाठी दुआ मागतात, त्याच्या नावे दानधर्म करतात, विहीर खणणे किंवा मदरशास ग्रंथ देणे असे ज्याचे पुण्य मागाहूनही वाहत राहील असे दान करतात आणि त्याला ‘सदका-ए-जारिया’ म्हणतात. हे नाते ज्याला दिसत नाही, किंवा दिसूनही जो ते आजाराच्या खात्यात मांडतो, त्याचा उपचार बरे असलेल्या अवयवावरच शस्त्र चालवील.

वैद्यकशास्त्रालाही आता ही गोष्ट मान्य करावी लागली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे अकरावे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात लांबलेल्या शोकाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान आहे, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा घातलेली आहे. अमेरिकन मानसोपचारज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी प्रौढांसाठी एक वर्षाची मर्यादा ठरविली. परंतु केवळ महिने मोजून भागत नाही. त्या व्यक्तीच्या समाजात, संस्कृतीत आणि धर्मात जेवढा शोक अपेक्षित असतो त्याहून तो स्पष्टपणे अधिक असला पाहिजे, अशीही अट आहे. याचा सरळ अर्थ असा की, ज्याला समोरच्या व्यक्तीच्या धर्मातील शोकाची रीत ठाऊक नाही त्याला रोगाचे निदान करण्याची पात्रताच नाही. आपल्याकडील २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही हेच सांगतो. धर्मावरून उपचारात भेद करता येत नाही, आणि कोणी अमुक धार्मिक गटाचा आहे किंवा आपल्या समाजातील रूढ धर्मसमजुतींप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग कसा होतो ते पाहावे. पती वारल्यावर मुसलमान स्त्रीला चार महिने दहा दिवसांची इद्दत सांगितलेली आहे. ती गर्भवती असेल तर प्रसूतीपर्यंत. या काळात ती साजशृंगार करीत नाही, पुनर्विवाह करीत नाही आणि निकडीवाचून घराबाहेर जात नाही. तिसऱ्या महिन्यात ‘बाई घरातून निघतच नाहीत, रंगीत वस्त्र नेसत नाहीत’ असे टिपण अनभिज्ञ माणूस लिहील आणि त्याखाली खिन्नतेच्या विकाराचे नाव घालील. जाणता मनुष्य दूरध्वनीवरून बोलेल, अथवा स्वतः तिच्या घरी जाईल, आणि इद्दत सरल्यावर तिच्या मनाची काय स्थिती होते इकडे लक्ष ठेवील. कारण नियमाचा आधार सुटल्यावरचे दिवसच कित्येकींना अधिक कठीण जातात. उलट बाजूही अशीच आहे. पतीखेरीज इतर आप्तांसाठी बाह्य शोक तीन दिवसांपुरता सांगितलेला आहे. मुलाच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी दुकान उघडणारा बाप पाहून, याला काहीच वाटले नाही, असे आपण म्हणू. परंतु ही मर्यादा आचाराला घातलेली आहे. हृदयाला तशी मर्यादा कोणी घातलेली नाही आणि घालूही शकत नाही.

‘सब्र’ या शब्दाविषयीही असाच घोटाळा होतो. सब्र म्हणजे रडू नये, असा अर्थ कित्येक मुसलमान घरांतही केला जातो, आणि समुपदेशकालाही सब्र म्हणजे भावना दडपणे असे वाटते. मूळ परंपरा काय सांगते? पैगंबरांचा इब्राहीम हा तान्हा मुलगा ६३२ साली वारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. पाहणाऱ्याने आश्चर्य व्यक्त करताच हे अश्रू दयेचे आहेत अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. मुलाच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला असे लोक म्हणू लागले, तेव्हा ग्रहण कोणाच्या जन्मामृत्यूसाठी लागत नसते असे त्यांनीच बजावले. डोळ्यांत अश्रू आणि बुद्धी जागेवर, अशी ही स्थिती आहे. पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब यांच्या वियोगाचे वर्ष इस्लामी इतिहासात ‘दुःखाचे वर्ष’ याच नावाने ओळखले जाते. पुत्र यूसुफ याच्या विरहाने रडून रडून याकूब अंध झाला, अशी कुराणातील कथा आहे. आणि सुंदर सब्राचे उदाहरण म्हणून नाव घेतले जाते ते याच याकूबाचे. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी या पंडिताने देह आणि आत्मा या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. ज्याचे कारण ठाऊक आहे असे दुःख आणि ज्याचे कारण सापडत नाही असे दुःख यांत त्याने भेद केला व दोहोंचे उपचार वेगवेगळे सांगितले. मनाच्या व्याधीवर उपचार घेणे म्हणजे श्रद्धा उणी असल्याची कबुली, असे ज्या मुसलमानाला वाटते त्याच्या स्वतःच्याच परंपरेत या शंकेचे उत्तर हजार वर्षांपूर्वीचे आहे.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की, तर मग इस्लामचे एखादे लहानसे पुस्तक पाठ केले म्हणजे काम झाले. नेमका याच ठिकाणी नवा धोका आहे. पुस्तकातला मुसलमान समोरच्या खुर्चीत कधीच बसलेला नसतो. तेथे एक विशिष्ट मनुष्य बसलेला असतो. तो शिया असेल तर शोक त्याच्या धर्माचरणाच्या गाभ्याशी आहे. ६८० साली करबला येथे इमाम हुसेन यांना आलेल्या मरणाचा शोक तो दर मोहरमात करतो, आणि घरातले दुःख त्या महादुःखाच्या आश्रयाने वाहून जाऊ देतो. सुन्नी असेल तर मृताचा चाळिसावा करावा की करू नये याविषयी त्याच्याच घरात दोन मते असू शकतील. एक भाऊ त्याला कर्तव्य म्हणेल, दुसरा नवी रूढी म्हणेल. परदेशात नोकरीस असल्यामुळे बापाच्या दफनास पोहोचू न शकलेल्या मुलाला दुरूनच जनाज्याची नमाज पढता येईल काय? दख्खनच्या बहुसंख्य मुसलमानांचा हनफी पंथ नाही म्हणतो. कोकणी मुसलमानांचा आणि भटकळच्या नवायतांचा शाफई पंथ हो म्हणतो. भाषेचेही तसेच. मुसलमान म्हणजे उर्दू असे धरून चालणाऱ्याला हे ठाऊक नसते की, रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुसलमानाचे दुःख त्याच्या कोकणी बोलीत उमटते, आणि नवायतांची घरची बोली आपल्या कोंकणीच्याच कुळातली आहे. या मासिकाच्या वाचकाला तर ते रडणे दुभाष्यावाचून कळावे. शिवाय, नाव मुसलमानी असले तरी श्रद्धा डळमळलेली, कदाचित संपलेली असू शकते. आणि पुत्राच्या मृत्यूनंतर ‘अल्लाहने हे का केले’ असे विचारणाऱ्या बापाला आपल्याच माणसांत हा प्रश्न मोठ्याने विचारण्याची सोय नसते. तो समुपदेशकाकडे येतो तो कदाचित तेवढ्याच एका प्रश्नासाठी.

म्हणून जाणणे पुरे नाही; जाणूनही विचारले पाहिजे. आणि विचारावयाचे कसे याबाबत न्यायालयाचा एक नियम मला फार उपयोगी वाटतो. साक्षीदाराच्या सरतपासणीत त्याला सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. ज्या प्रश्नाच्या पोटात उत्तर दडलेले असते तो सूचक प्रश्न. ‘तुमची श्रद्धा दृढ आहे, तेव्हा नमाजाने मन शांत होतच असेल?’ हा तसा प्रश्न आहे. बिचारा मनुष्य ‘होय’ म्हणतो आणि खरी गोष्ट आत तशीच राहते. ‘या दिवसांत आपल्याला कशाचा आधार वाटतो? गेलेल्याविषयी आपण मनात काय बोलता? घरातील माणसे जे सांगतात त्यातले काय मनाला लागते, काय बोचते?’ असे विचारले तर उत्तर ज्याचे त्याच्या तोंडून येते. तो जन्नतविषयी बोलला तर समुपदेशकाने तो शब्द आदराने त्याच्याच अर्थाने घ्यावा; स्वतःची साक्ष त्यात घालू नये आणि उलटतपासणीही करू नये. अतिक्रमण, ढोंग आणि उपेक्षा यांतून निघणारी जी वाट आपण शोधीत होतो ती मला येथे दिसते. आपली श्रद्धा मनात ठेवून मौन पाळणे हे असत्य नव्हे. ऐकणाऱ्याने आपली श्रद्धा सोडावयाची नाही आणि समोरच्याची घ्यावयाची नाही. शोकाची भाषा कोणती असावी हे ठरविण्याचा हक्क शोक करणाऱ्याचा, एवढे त्याने मनापासून मान्य करावयाचे.

यावर एक गंभीर शंका निघेल. धर्माची वचनेच जखमेवर मीठ चोळीत असतील तर? ‘तू रडतेस म्हणून मृताला कबरीत यातना होतात’ असे एखाद्या मातेला घरातले कोणी सांगत असेल, तर तेथेही समुपदेशकाने मान डोलवावी काय? मुळीच नाही. पण त्याने फतवा देण्याचेही कारण नाही. मोठ्याने केलेल्या आक्रोशामुळे मृताला यातना होतात या कथनाला खुद्द पैगंबरपत्नी आयेशा यांनी आक्षेप घेतला होता. एकाचा भार दुसऱ्यावर पडत नाही या कुराणातील तत्त्वाचा आधार त्यांनी दिला होता. हे उत्तर त्या मातेला एखाद्या समंजस आलिमाच्या तोंडून मिळणे हे समुपदेशकाच्या तोंडून मिळण्यापेक्षा शतपट हितकर. मात्र आलिमाकडे जावयाचे ते तिच्या संमतीने, आणि तो तिच्याच मोहल्ल्यातील असावा की परक्या मोहल्ल्यातील, हेही तिनेच ठरवावयाचे. कारण सांगितलेले दुःख गल्लीत फुटले तर ती पुन्हा कोणाजवळ बोलणार नाही. जीवच धोक्यात असेल, तिच्या मनात स्वतःला संपविण्याचे विचार येत असतील, तर हा सारा विवेक क्षणभर मागे ठेवून आधी वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. त्या वेळीही ‘तुमच्या धर्मात हे पाप आहे’ असा धाक घालू नये. लज्जेने तोंड मिटते, आणि मिटलेल्या तोंडामागे काय चालले आहे ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आजच्या वातावरणात मुसलमान मनुष्य परक्या दारात पाऊल टाकतो तेव्हा दुःखाबरोबर एक सावधपणाही घेऊन येतो. येथे माझ्या शोकाची विचारपूस होईल की माझ्या नावाची, हे तो पहिल्या पाच मिनिटांत ताडून पाहतो. त्याच्या आप्ताचा मृत्यू दंगलीत अथवा जमावाच्या हातून झाला असेल तर हा सावधपणा दुणावतो. ज्याचे दुःख ऐकण्यापूर्वी त्याच्या निष्ठेची झडती घेतली जाते त्याला शोक करण्याचीसुद्धा मोकळीक उरत नाही. ही मोकळीक देणे एकट्या समुपदेशकाच्या हाती नाही. ती शेजाऱ्यांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, हाती आहे.

आपल्या पूर्वजांना हे अगदीच अपरिचित नव्हते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या आणि इंदूरच्या होळकरांच्या राज्यांत मोहरमात सरकारी ताजिया निघत असे. देवघरात नित्य पूजा करणारे हे राजे परक्या शोकाच्या मिरवणुकीला मान देत, आणि त्यामुळे आपला कुळाचार उणावला असे त्यांना वाटले नाही. आपल्या ग्रंथांकडे वळावे तर महाभारतातील युद्ध संपल्यावर युधिष्ठिराला समजविण्यासाठी भाऊ आले, पत्नी आली, ऋषी आले, स्वतः श्रीकृष्ण आला; राजधर्म, मोक्षधर्म असे सारे शान्तिपर्व त्याच्यापुढे उभे राहिले. ते सारे ऐकूनही त्याचा शोक पुन्हा उसळला, आणि व्यासांनी त्याबद्दल त्याला अधर्मी ठरविले नाही. स्वधर्मीयाच्या तोंडून, स्वधर्माच्या भाषेत, खुद्द भगवंताच्या सहवासात झालेले सांत्वनही जर एका खेपेस पुरे पडले नाही, तर परधर्मीयाला आपल्या चार वाक्यांनी लगेच शांत करण्याची घाई आपण का करावी?

तेव्हा मुसलमान शेजाऱ्याच्या घरी मृत्यू झाला असता जरूर जावे. मयतीला खांदा देणे त्यांच्यात पुण्याचे मानतात. घरच्यांनी संमती दिली तर तो द्यावा. शोकाच्या घरी जेवण पाठविण्याची रीत त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही आहे. त्यांना चालेल ते विचारून पाठवावे. आणि महिन्या-दोन महिन्यांनी, रीघ आटल्यावर, पुन्हा एकदा जावे. त्या वेळी सांगण्यासारखे काही सुचले नाही तर गेलेल्या माणसाचे नाव घेऊन, ‘ते कसे होते, सांगा’ एवढे म्हणावे आणि ऐकत बसावे.